आयटीआयच्या सुतारकाम ट्रेडला लाकूडच मिळत नाही, मुलांना शिकवायचं कसं?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतो. तासिका तत्त्वावर आहे, यंदाच लागलो. बॅच २४ मुलांची. या ट्रेडला आठवी पास चालतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर भरले की उरलेली मुलं आमच्याकडे येतात. मुलं वाईट नाहीत. हाताने काम करायची सवय घरूनच आहे. पण आपण नाइलाजाने इथे आलो हे त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून दिसतं.

वर्कशॉपची अवस्था सांगतो. कामाची टेबलं सहा, त्यातल्या चारचेच व्हाइस आवळतात. लोखंडी रंधे आहेत, पण पात्यांच्या कडांना खळगे पडलेत. पटाश्या कुणीतरी डबे उघडायला वापरल्यासारख्या, निम्म्यांच्या मुठी फुटलेल्या. चकती करवतीचं मशीन आहे, त्याला गार्ड नाही, आणि थ्री-फेज लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. लाकडाचे पैसे दिवाळीआधीच संपले. एक वर्षाचा कोर्स, त्यात प्रॅक्टिकलचे ८४० तास आणि हातात द्यायला लाकूड नाही. आता मुलं वहीत सांध्यांच्या आकृत्या काढतायत. डोव्हटेलची (कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्याची) आकृती सुरेख काढतात, पण एकाने तो अजून कापलेला नाही.

सगळ्यात जास्त टोचतं ते असं की आमच्या चारी बाजूंना साग उभा आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग गेला, मुलं ते अभिमानाने सांगतात. आणि वर्गात दाखवायला सागाचा हातभर तुकडा नाही.

माझे प्रश्न: कमी लाकडात शिकवायची काही पद्धत आहे का? ही हत्यारं सुधारतील की नवीनच मागावी लागतील? धान कापणीला मुलं गेली की परत येत नाहीत, त्यांना कसं धरून ठेवायचं? आणि एक मुलगा सुताराच्या घरचा आहे, तो सगळी मापं सुतात (इंचाच्या आठव्या भागात) सांगतो, बाकीची मिलिमीटरमध्ये गोंधळतात. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

हडपसर_फर्निचर

सर, मी पुण्यात फ्लॅटचं फर्निचर करून देतो. आमच्या बाजूने सांगतो. आयटीआयची मुलं आली की दोन गोष्टी पाहतो. टेप नीट वाचता येते का आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून सरळ रेघ मारता येते का. मशीन चालवायला मी शिकवतो, पण मापात कच्चा माणूस आला तर प्लायवुड वाया जातं, आणि ते माझ्या खिशातून जातं.

तुमच्याकडे लाकूड नसलं तरी एक काम फुकट करता येईल. प्लायवुडचा शीट आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. आलेख कागदावर एक मिलिमीटरला एक सेंटिमीटर धरला तर तोच शीट २४४ बाय १२२ मिलिमीटरचा चौकोन होतो, एका पानावर बसतो. मुलांना एका कपाटाचं माप द्या आणि सगळे भाग त्या चौकोनात बसवायला सांगा. प्रत्येक कापाला करवतीची तीन मिलिमीटर जागा सोडायला लावा, ती सगळे विसरतात. कमी शीटमध्ये कोण बसवतं ते बघा. आमच्या धंद्यात नफा इथेच ठरतो.

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भरीव लाकडाचे सांधे शिकवण्यात वर्ष घालवू नका. बाहेर सगळं काम प्लाय, लॅमिनेट आणि बिजागऱ्यांचं आहे.

जुना_रंधा

वैनगंगाकाठ भाऊ, मी चंद्रपूर जिल्ह्यात शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणारा, होतो, आता निवृत्त आहे. थोडं लांबलचक लिहितो. हे कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही, आणि दर नवा निदेशक पुन्हा शून्यापासून चाचपडतो.

लाकडाचं नंतर बघू. आधी धार.

बोथट पटाशी घेऊन मुलगा खाच मारायला बसतो. लाकूड कापलं जात नाही, चिरडतं. तो जोर वाढवतो, पटाशी सटकते, दुसऱ्या हाताला लागते. आठवडाभरात त्याची खात्री होते की आपल्याला हे काम येणार नाही. तुमच्याकडे जी मुलं नाइलाजाने आलीत, त्यांना पळून जायला एवढं कारण पुरतं. सुतारकाम सोडून गेलेल्या बहुतेक मुलांना बोथट हत्याराने घालवलं, हे माझं नोकरीभराचं मत आहे आणि ते बदलणार नाही.

नवीन हत्यारांची मागणी जरूर पाठवा, पण तोवर आहेत ती जिवंत करा. काचवाल्याकडून दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा, वीतभर रुंद आणि हातभर लांब. हार्डवेअरमधून पाण्याचा पॉलिश पेपर आणा: २२०, ४००, ८००, १५०० नंबर. काचेवर पाणी शिंपडलं की पेपर चिकटून बसतो. काच सपाट असते, त्यामुळे निसण्यासारखी मधोमध खोलगट होत नाही. आधी पटाशीची पाठ घासायची, टोकाकडचा बोटभर भाग एकसारखा चमकेपर्यंत. लोक पाठ सोडून देतात आणि मग धार का बसत नाही म्हणतात. नंतर उतार. मूळ उतार २५ अंशांचा, त्यावर अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक धार. २५ आणि ३० अंशांच्या दोन लाकडी पाचरी कापून टेबलावर ठेवा, मुलं कोन त्यावर पडताळून बघतील. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर चारदा ओढायची. कड मोठी तुटली असेल तरच ग्राइंडर, आणि तोही घडोघडी पाण्यात बुडवत. कड निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. रंध्याच्या पात्यांचंही हेच.

परीक्षा अशी: मऊ लाकडाच्या कापलेल्या तोंडावर पटाशी दाबून चालवायची. पृष्ठभाग गुळगुळीत निघाला तर पास, पांढरा आणि चुरडलेला निघाला तर पुन्हा काचेवर.

प्रत्येक मुलाला एक पटाशी नेमून द्या, मुठीवर डाग देऊन नंबर टाका. धारेची जबाबदारी त्याची. दुसऱ्या कुणी त्याची पटाशी मागितली की तो कसा सावध होतो ते बघा. स्वतःचं काही आहे ही भावना त्या वर्कशॉपमध्ये त्याला पहिल्यांदा तिथे मिळते.

मुठी फुटल्यात म्हणालात ना, तोच पहिला जॉब. बाभळीची मूठ आणि बाभळीची मोगरी. बांधावरची फांदी पुरते, मोठं लाकूड लागत नाही. अभ्यासक्रमातला पहिला जॉब वेगळा असेल, पण मोजणं, आखणं, करवतणं, तासणं हे सगळं यात येतं, तसं डायरीत लिहा.

करवतींचं थोडक्यात. लाकूड रेषेने चिरायची करवत वेगळी आणि आडवं कापायची वेगळी. एकीचे दात छोट्या पटाशीसारखे सरळ घासतात, दुसरीचे तिरके, चाकूसारखे. तुमच्याकडे सगळ्या एकाच भावाने पडल्या असतील. तिधारी कानस घ्या, निम्म्या अशा करा, निम्म्या तशा, आणि मुठींना दोन रंग द्या.

आता लाकूड. दोन इंच बाय दोन इंच, तीन फूट लांब, अशी एक दांडी एका मुलाला. चोवीस दांड्यांचा हिशेब करा: बरोबर दोन घनफूट होतात. करवतीत जाणारं धरून तीन घनफूट आणा. एवढं लाकूड प्राचार्यांकडे मागायला कुणालाही जड जाऊ नये. पहिल्यांदा ती दांडी फक्त रंधून चौरस करायची, चारी बाजू गुण्याला बसेपर्यंत. मग एका टोकाला अर्धा-अर्धा सांधा. तो तपासला, मार्क दिले, की करवतीने कापून टाकायचा. नव्या टोकाला खाच आणि कुसू (खाचेत बसणारी जीभ). तोही कापायचा. मग तिरका, मग ब्रायडल (टोकाला उघडी खाच असलेला सांधा). दांडी आखूड होत जाते आणि हात सुधारत जातो. मी मुलांना शेवटचा तुकडा घरी न्यायला देत असे आणि कापलेले सांधे क्रमाने तारेत ओवून भिंतीला टांगत असे. पहिला सांधा आणि शेवटचा शेजारी शेजारी दिसले की मुलगा स्वतःच बोलायला लागतो. भिंतीवरची ती तार कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याला वहीपेक्षा जास्त सांगते.

लाकूड कुठून? आरागिरणीत कडेच्या फळ्या निघतात, त्या स्वस्त मिळतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांत पॅकिंगचे पाइनचे सांगाडे पडून असतात, पत्र दिलं तर बरेच जण देतात. ते लाकूड वाळलेलं असतं आणि सांधे शिकायला फार चांगलं, मऊ आणि सरळ रेषेचं. दोन गोष्टी बघा. शिक्का एचटी असेल तर उष्णता दिलेलं, ते घ्या. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेलं, ते आणू नका. आणि रंधा मारण्याआधी प्रत्येक खिळा उपटा. एक राहिला तर पात्याची कड गेली, पुन्हा काच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गावातला कुणी चांगल्या मनाने 'माझं झाड न्या' म्हणेल. तोडीच्या परवानगीचा आणि वाहतुकीचा कागद हातात पडल्याशिवाय एक ओंडकाही वर्कशॉपमध्ये आणू नका, सागाचा तर नाहीच. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, तुमच्यामागे कुणी उभं राहणार नाही. कागदासकट कडुनिंब किंवा आंबा मिळाला तर घ्या, पण ओला घेऊन लगेच सांधे करू नका, पंधरा दिवसांत उघडतील. फळ्यांच्या तोंडांना जुना रंग लावा, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या इंचाला एक वर्ष. म्हणजे तुमची बॅच पुढच्या बॅचसाठी लाकूड वाळवते. मुलांना दर महिन्याला एकाच फळीची रुंदी मोजून भिंतीवर लिहायला सांगा. लाकूड आकसतं हे पुस्तकातून पटत नाही, तिथे पटतं.

दुरुस्तीची कामं मिळवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मोडके बाक असतात, अंगणवाडीत खुर्च्या असतात. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, सामान त्यांचं आणि हात आपले. नवा सांधा करून मुलगा जेवढं शिकतो त्याहून जास्त जुना सांधा उकलून शिकतो. सांधा का मोडला? अर्ध्यापेक्षा जास्त खाच खणली म्हणून, की रेषा आडव्या पडल्या म्हणून, की नुसत्या खिळ्यावर भरवसा ठेवला म्हणून? प्रत्येक बाकावर त्यांच्याकडून हे वदवून घ्या. आणि तो बाक त्यांच्याच गावच्या शाळेत परत जातो, धाकटी भावंडं त्यावर बसतात. या मुलांचं कौतुक करणारं फारसं कुणी नसतं, भाऊ. तिथे होतं.

कापणीबद्दल. मुलं जाणारच, घरची गरज आहे, त्यांना रागावू नका. आधीच्या आठवड्यात विळ्याच्या मुठी आणि कुऱ्हाडीचे दांडे करायला लावा. स्वतः केलेली मूठ हातात घेऊन जो शेतात गेला तो परत येण्याची आशा जास्त. आणि दांडी अर्धी राहिली असेल तर त्याच्या नावासकट जपून ठेवा, दुसऱ्याला देऊ नका.

सुताचं सोपं आहे. त्या मुलाला वर्गाचा गुरू करा. आठ सूत म्हणजे इंच, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एक सूत सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. परीक्षेत मिलिमीटर लागतं आणि गावच्या मिस्त्रीकडे सूत लागतं, दोन्ही यायला हवं. त्याच्या वडिलांना एकदा वर्कशॉपमध्ये बोलवा, चहा द्या, मुलांसमोर एक खाच मारायला सांगा. आणि त्यांनी पीएम विश्वकर्मामध्ये नाव घातलंय का ते विचारा. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली योजना आहे, १८ व्यवसायांत सुतार आहेत, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. अशा घरांत ही माहिती बऱ्याचदा पोचलेली नसते.

हडपसरवाल्या भाऊंचं आलेख कागदाचं काम फार आवडलं, ते नक्की घ्या. पण सांधे सोडा हे मला मान्य नाही. ज्याने हाताने खाच आणि कुसू बसवलं त्याच्या डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसायला लागतो. तुम्हाला मापात पक्का माणूस हवा आहे ना, तो तिथे तयार होतो.

चौरंग

जुना_रंधा काका, तारेत ओवलेले सांधे हे मी उद्याच सुरू करते!

मी सातारा जिल्ह्यात एका संस्थेच्या लहान केंद्रात मुलींना सुतारकाम शिकवते. वैनगंगाकाठ सर, तुमच्या बॅचमध्ये मुली किंवा अंगाने लहान मुलं असतील तर टेबलाची उंची बघा. सरळ उभं राहून हात खाली सोडला तर मनगटाच्या आसपास टेबल यायला हवं. उंच टेबलावर रंधा मारला की खांद्याने ढकलावं लागतं, कंबर वापरता येत नाही, आणि मुली दमतात. मग सगळे म्हणतात की मुलींना झेपत नाही. आम्ही उभं राहायला भक्कम फळ्यांचे पाट केले, तोच त्यांचा एक जॉब झाला.

भुशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं आहे. कोरड्या झाडूने भुसा उडवू नका, आधी पाणी शिंपडा. पॉलिश पेपरचं काम बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. मास्क असले तर उत्तम. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची) धूळ फार बारीक असते, ते कापताना जास्त काळजी.

आणि विकता येतील अशा वस्तू करा. आम्ही मार्गशीर्षाच्या आधी चौरंग आणि पाट करतो. त्या पैशातून पॉलिश पेपर, फेविकॉल आणि पुढचं लाकूड येतं. फक्त हिशेबाची वही मुलींनाच लिहायला देते: लाकूड किती रुपयांचं, वेळ किती, विकलं कितीला. आपल्या मजुरीची किंमत काढता न येणं हे बोथट पटाशीइतकंच वाईट.

वैनगंगाकाठ

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढलात, खरंच मन भरून आलं. काकांचं उत्तर छापून वर्कशॉपच्या कपाटात लावणार आहे. दोन इंची दांड्यांचा हिशेब प्राचार्यांना दाखवला, तीन घनफुटांची सही मिळाली.

एक अडचण अजून आहे. मशीन पडून का आहे असं वरून विचारतात आणि ते चालवतानाचे मुलांचे फोटो हवेत म्हणतात. गार्ड नाही हे तोंडी सांगितलं, पण "सांभाळून चालवा" एवढंच उत्तर येतं. नाही म्हणायला भीती वाटते, नोकरी महिन्यावर आहे. काय करू?

हडपसर_फर्निचर

नाही म्हणा सर. माझ्याकडच्या एका कारागिराची दोन बोटं गेली आहेत, अनुभवी माणूस होता. शिकाऊ पोरांना उघड्या चकतीजवळ उभं करू नका. आणि काकांचं सांध्यांबद्दलचं म्हणणं वाचून विचार केला. माझे सगळ्यात चांगले दोन मिस्त्री भरीव लाकडात तयार झालेले आहेत, हे खरं आहे. तुमच्या बॅचमधली तयार मुलं पुण्यात यायला राजी असतील तर कळवा, शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याचं कागदोपत्री काय लागतं ते मी बघतो.

जुना_रंधा

भाऊ, तोंडी सांगणं आजपासून बंद. अर्ज लिहा, अगदी नम्र भाषेत. "मशीन वापरण्यास मी तयार आहे, त्यासाठी पुढील तीन गोष्टी मिळाव्यात." वरचं गार्ड. चकतीच्या मागे उभी राहणारी पोलादी फाळ, जी कापलेली फट मिटू देत नाही. फट मिटली की फळी चकतीला चिमटते आणि उलटी चालवणाऱ्याच्या अंगावर येते, इतक्या जोरात की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आणि ढकलकाठी, ती मुलं स्वतः करतील, पण अर्जात लिहा. आवक नोंदवहीत नोंद करा, तुमच्या प्रतीवर नंबर आणि शिक्का घ्या, प्रत घरी ठेवा. असा कागद टेबलावर आल्यावर "सांभाळून चालवा" असं लेखी उत्तर देणारा अधिकारी मी पाहिला नाही. तुमची नोकरी महिन्यावर आहे म्हणूनच कागद हवा. उद्या काही झालं तर जबाबदारी निदेशकावर येते.

गार्ड येईपर्यंत मेन स्विचचे फ्यूज काढून कपाटात कुलपात ठेवा आणि मशीनवर पाटी लावा. फोटो मागितले तर पट्टा काढलेल्या मशीनभोवती मुलांना बसवा आणि भाग ओळखायचा पाठ घ्या: चकती, शाफ्ट, पुली, फेन्स, टेबल. तो पाठ अभ्यासक्रमात बसतो आणि फोटो खरा असतो.

आणि काच आणाल तेव्हा दुकानदाराकडूनच चारी कडा घासून घ्या. कच्च्या कडेने मुलांचे हात कापतात.